समुद्रातल्या एकपेशीय जीवांचा बदलता चयापचय

डायटम (काचेसारखं कवच असलेलं शैवाल), डायनोफ्लॅजेलेट (शेपटीसारख्या तंतूंनी हलणारे जीव), सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे बॅक्टेरिया), फोरामिनिफेरा (कवचवाले अमीबासारखे जीव), साधे बॅक्टेरिया असे समुद्रातले बरेच एकपेशीय जीव प्रवाह नेईल तिकडे जातात, पाणी मानवलं नाही म्हणून दुसरीकडे निघून जायची सोय त्यांना जवळपास नसतेच, त्यामुळे ऑक्सिजन, मीठ, ऊन, लोह, नायट्रोजन यातलं काहीही कमीजास्त झालं की ते पेशीच्या आतली केमिस्ट्रीच बदलून टाकतात. एनर्जी कशातून काढायची, कुठलं प्रोटीन बनवायचं, साठा कशाचा करायचा, सगळं नव्याने ठरतं. काही बदल सेकंदा-मिनिटांत होतात कारण एन्झाइम आधीच तयार असतात, काहींना तास लागतात कारण जीन चालू होऊन नवं प्रोटीन बनावं लागतं, आणि काही बदल जीनमध्येच होतात, त्याला कित्येक पिढ्या जातात.

आम्हा नाशिककरांना हे सगळं दूर वाटतं पण तसं नाहीये. गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र फक्त ८० किमीच्या आसपास, तरी ती उलट्या दिशेने १,४६५ किमी जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत दख्खनचा काळा बसाल्ट झिजून त्यातली सिलिका पाण्यात विरघळते, आणि डायटमला स्वतःचं पारदर्शक कवच बांधायला नेमकी हीच सिलिका लागते. शेतातलं खतही त्याच पाण्यातून खाली जातं. आपण नाशकात पूर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी किती चढलं ते बघून मोजतो, पण तोच पावसाळा नदीच्या मुखाजवळच्या पेशींना फार कठीण जातो, कारण खारं पाणी थोड्याच काळात जवळपास गोडं होतं आणि गाळामुळे उजेडही खोल जात नाही. पाऊस ओसरून पाणी निवळलं की डायटम जोरात वाढतात.

मिठाशी जुळवून घ्यायची पद्धत अशी की बाहेर मीठ वाढलं तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून पेशी आत प्रोलीन, ग्लायसीन बीटेनसारखे छोटे रेणू साठवते, मीठ उतरलं की ते मोडते किंवा बाहेर टाकते. मिठागरात वाढणारं डुनालिएला ह्या शैवालाला तर कडक पेशीभित्तीच नसते, ते स्टार्च मोडून ग्लिसरॉल बनवतं आणि पाणी पातळ झालं की ग्लिसरॉलचा परत स्टार्च करतं.

ऑक्सिजन नसला तर वाइनरीतलं यीस्ट साखर आंबवून भागवतं हे नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. समुद्रातल्या बऱ्याच पेशी मात्र नायट्रेटवर श्वसन करतात, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी पाण्यातलं नायट्रेट वापरतात. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर ऑक्सिजन अगदी नगण्य असतो आणि तिथले बॅक्टेरिया नायट्रेट वापरून शेवटी नायट्रोजन वायू सोडतात. हे फक्त बॅक्टेरियाच करू शकतात असं बरीच वर्षं मानलं जायचं, पण २००६ मध्ये फोरामिनिफेराही असं करतात हे दिसलं, आणि २०११ मध्ये एक डायटम अंधारात, ऑक्सिजनशिवाय, पेशीत साठवलेल्या नायट्रेटवर जगतो हेही सिद्ध झालं.

माझ्या मते सगळ्यात भारी भाग अदलाबदलीचा. प्रकाशसंश्लेषणात फेरेडॉक्सिन नावाचं लोह असलेलं प्रोटीन लागतं, लोह कमी पडलं की बरेच डायटम त्याच्या जागी फ्लेव्होडॉक्सिन बसवतात, ज्यात लोहच नसतं, काम तेच होतं. फॉस्फरस कमी असेल तिथे पेशीच्या पडद्यातले फॉस्फरसवाले लिपिड (चरबीसारखे रेणू) काढून गंधकवाले घालतात, कारण समुद्राच्या पाण्यात गंधक भरपूर. प्रोक्लोरोकॉकस हा सायनोबॅक्टेरिया ह्यात पुढे आहे. हा जेमतेम ०.६ मायक्रॉनचा जीव, १९८८ पर्यंत त्याचं वर्णनही झालेलं नव्हतं, आणि कोमट समुद्रात एका मिलिलिटरमध्ये तो लाखभर असू शकतो, इतके असूनही फॉस्फरसची मागणी अगदी थोडी! नायट्रोजन संपला की डायटम प्रोटीन बनवणं कमी करून कार्बन चरबीत साठवतात, म्हणून तर बायोफ्युएलवाले त्यांच्या मागे असतात. त्यांच्यात युरिया चक्रही असतं. आपल्या शरीरात ते जास्तीचा नायट्रोजन बाहेर टाकायला वापरलं जातं, डायटम मात्र नायट्रोजन पुन्हा मिळाल्यावर पटकन सावरायला त्याचा उपयोग करून घेतात.

उजेडाचंही तसंच. ऊन अचानक वाढलं तर डायटम काही मिनिटांत रंगद्रव्य बदलून जास्तीची एनर्जी उष्णतेत घालवतात. पेलॅजिबॅक्टर हा बॅक्टेरिया खायला नसताना प्रोटिओरोडॉप्सिन नावाच्या प्रोटीनने उजेडातून थोडी एनर्जी मिळवून तग धरतो.

कोकणात रात्री ज्याच्यामुळे लाटा निळ्या चमकतात तो नॉक्टिल्युका हा डायनोफ्लॅजेलेट आता शास्त्रज्ञांचा मोठा विषय झालाय. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात जिथे पूर्वी डायटम वाढायचे तिथे २००० नंतर हिरवा नॉक्टिल्युका पसरलाय, हा एकाच वेळी दुसऱ्यांना खातोही आणि पोटातल्या हजारो हिरव्या शैवालपेशींकडून अन्न बनवूनही घेतो. २०१४ मध्ये असं मांडलं गेलं की ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर येतं आणि त्यात ह्या शैवालपेशी कार्बन जास्त चांगला पकडतात म्हणून तो जिंकतो. पण पुढे भारतीय शास्त्रज्ञांना भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही त्याची अशीच वाढ सापडली, त्यामुळे एकट्या ऑक्सिजनवर सगळं ढकलता येत नाही, सिलिका आणि बाकीच्या पोषक द्रव्यांचं प्रमाणही बघावं लागतं.