विमानाची आरोहणक्षमता

विमान किती झपाट्याने आणि किती उभ्या चढाने उंची गाठू शकते, त्याला त्याची आरोहणक्षमता म्हणतात. पंख उचलतात म्हणून विमान चढते, हा समज अर्धाच खरा. समतल उड्डाणात वेग टिकवण्यापुरती शक्ती खर्च झाल्यावर इंजिनाकडे जी शिल्लक उरते, तिच्या बळावर विमान चढते. या शिलकीला वजनाने भागले की आरोहणाचा दर मिळतो. तो मिनिटाला इतके फूट असा सांगतात. चढाचा कोन मात्र शिल्लक थ्रस्टवर, म्हणजे इंजिनाच्या पुढे ढकलणाऱ्या जोरावर, ठरतो. म्हणून वैमानिकाला दोन वेगळे वेग पाठ असावे लागतात. सेसना १७२ एस या शिकाऊ विमानात समुद्रसपाटीला समोरचे झाड ओलांडायला जास्तीत जास्त उभा चढ हवा तर ६२ नॉट (ताशी सागरी मैल), लवकर उंची गाठायची तर ७४ नॉट.

शिलकीला कात्री लावणारा मोठा घटक म्हणजे विरळ हवा. उंचीने आणि उष्णतेनेही हवा विरळ होते. ती विरळ झाली की इंजिनाला कमी हवा मिळते, पंख्याची पकडही सैल होते. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या आदर्श हवेत, या उंचीला तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. त्याहून प्रत्येक जादा अंशामागे सुमारे १२० फूट विमानतळाच्या उंचीत मिळवले की ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ निघते, म्हणजे प्रमाण वातावरणात इतकी विरळ हवा ज्या उंचीवर असते ती उंची. मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांवर असला, तर हा आकडा ५,३०० फुटांवर जातो. म्हणजे धावपट्टी माळव्यातच राहते, पण इंजिनाच्या लेखी ती जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर पोचलेली असते! पहाटे २५ अंश असताना तीच धावपट्टी ३,५०० फुटांवर उतरते. शब-ए-माळव्याचे, म्हणजे माळव्याच्या गार रात्रीचे, कौतुक कवींनी केले. वैमानिकांनीही करायला हरकत नाही. बडोदे जेमतेम सव्वाशे फुटांवर असल्याने तिथे ४० अंशांतही आकडा ३,२०० च्या आत राहतो.

वर सांगितलेले सेसना प्रमाण हवेत समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढते. ५,३०० फुटांच्या हवेत दर ५०० च्या आसपास येतो. इंदूर विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवरून प्रवासी जेट पाहणाऱ्याला मात्र मे आणि जानेवारीतला फरक तितका जाणवत नाही, कारण गारव्यात जेटची इंजिने बहुधा मुद्दाम कमी जोरावर चालवतात.

वजन दुहेरी नुकसान करते: उचलायचे ओझे वाढते आणि हवेचा अवरोधही. दोन इंजिनांच्या प्रवासी जेटचे एक इंजिन उड्डाणाच्या वेळीच बंद पडले, तरी चाके आत घेतल्यावर त्याला किमान २.४ टक्के चढ साधलाच पाहिजे, असा नियम आहे. तप्त दुपारी तो पाळण्यासाठी कधी सामान, कधी प्रवासी कमी करावे लागतात. बाहेर काढलेले फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आणि चाके अवरोध वाढवतात. दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते, त्यामुळे पावसाळ्यातही थोडी झळ बसते. समोरचा स्थिर वारा आरोहणाचा दर बदलत नाही, पण जमिनीच्या हिशेबाने चढ उभा करतो. पाठीचा वारा तोच चढ लांबवतो, आणि झाड तर आपल्या जागेवरच असते.