'डे' दिवसातून निघालेला नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरते: मातृ–मदर, भ्रातृ–ब्रदर, दिवस–डे. पहिल्या दोन जोड्या खऱ्या आहेत. तिसरी खोटी, आणि ती का खोटी हे नियमाने दाखवता येतं.

इंग्रजी डे, डच दाख, स्वीडिश दाग, गॉथिक दग्स, जर्मन टाग ही सगळी एका घरची, जर्मानिक भाषाकुळातली. भाषाशास्त्रज्ञ रास्कने १८१८ मध्ये आणि ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम असा: मूळ (म्हणजे संस्कृत आणि जर्मानिक यांच्या सामायिक पूर्वजभाषेतल्या) 'द'चा जर्मानिक भाषांत 'ट' होतो (द्वि–टू, दश–टेन, दन्त–टूथ) आणि मूळ 'ध'चा 'द' (मधु–मीड, विधवा–विडो). 'दिवस'मधल्या दिव् धातूचा 'द' अस्सल आहे. त्याचा इंग्रजी वंशज 'ट'नेच सुरू व्हायला हवा. तसा तो आहेही: याच दिव् धातूतल्या आपल्या 'देव'चा सख्खा भाऊ म्हणजे जुना जर्मानिक देव टिव, आणि त्याचा वार ट्यूज्डे. दिवसाचा नातलग त्या शब्दात आहे खरा, पण 'डे'मध्ये नव्हे, 'ट्यूज'मध्ये!

जर्मन 'टाग'चा 'ट' पाहून घोटाळा होतो. पण तो 'ट' मागाहूनचा. जर्मनमध्ये दुसऱ्यांदा व्यंजनं सरकली: 'द'चा 'ट' झाला, आधीच्या 'ट'चा 'त्स'. म्हणून टेन तिथे 'त्सेन' आणि टिव तिथे 'त्सिओ'.

मग 'डे' आला कुठून? मूळ 'ध' असलेला धातू हवा. एक उमेदवार दह्, म्हणजे जळणं. निदाघ म्हणजे उन्हाळा तो याच धातूतून, आणि लिथुएनियन 'दागस'ही उन्हाच्या काहिलीचाच. पण दह् तर 'द'ने सुरू होतो! इथे भाषाशास्त्रज्ञ ग्रासमनचा १८६३ चा नियम लागतो: संस्कृतात एका धातूत दोन महाप्राण (ध, घ, भ अशी हकार मिसळलेली व्यंजनं) आले की पहिला अल्पप्राण होतो, म्हणजे 'ध'चा 'द'. मूळचा 'ध' लपून बसतो आणि दुसऱ्याचा महाप्राण गेला की बाहेर येतो. दह्चा भविष्यकाळ 'दक्ष्यति' नाही, 'धक्ष्यति' आहे. दुह्चाही 'धोक्ष्यति'.

अडचण शेवटच्या व्यंजनाची. दह्मधला मूळ ध्वनी ओठ गोल करून म्हटलेला 'घ' होता, आणि त्याचा जर्मानिकमध्ये साधा 'ग' सहजासहजी होत नाही. म्हणून काही अभ्यासक 'अहन्' या दिवसासाठीच्या दुसऱ्या संस्कृत शब्दाकडे वळतात. तिथे 'ग' बरोबर जमतो, पण सुरुवातीचा 'द' उरतो. तो दह्च्या प्रभावाने चिकटला असं मग सांगावं लागतं, म्हणजे दारातून घालवलेला दह् खिडकीतून आत येतो.