क्यूपीएम मका: प्रथिनं वाढत नाहीत, सुधारतात

भात कापून झाला की कोकणात पाण्याची सोय असलेल्या मळ्यांत हल्ली मका दिसतो, बहुतेक स्वीटकॉर्न. तिथेच कुणीतरी 'जास्त प्रथिनांचा मका' म्हणून क्यूपीएमची (क्वालिटी प्रोटीन मेझ, म्हणजे दर्जेदार प्रथिनांचा मका) शिफारस करतं. ही जाहिरात चुकीची आहे. क्यूपीएममध्ये प्रथिनं साध्या मक्याइतकीच, ९-१० टक्के असतात. बदलतो तो त्यांचा दर्जा. पिवळ्याधमक रंगाचाही इथे संबंध नाही, तो कॅरोटिनॉइडचा.

मक्याच्या भ्रूणपोषातलं, म्हणजे दाण्याच्या पिठाळ भागातलं, निम्म्याहून अधिक प्रथिन म्हणजे झीन. त्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं जवळजवळ नसतातच. ती शरीराला तयार करता येत नाहीत, आणि एखादं कमी पडलं की बाकीच्यांपासूनही शरीराचं प्रथिन नीट बांधलं जात नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन यांनी 'ओपेक-२' या उत्परिवर्तनाचा गुण दाखवून दिला. हे जनुक म्हणजे झीन बनवणाऱ्या जनुकांची कळ. ती बिघडली की झीन घटतं, इतर प्रथिनं वाढतात आणि प्रथिनातलं लायसीन सुमारे २ टक्क्यांवरून ४ च्या आसपास जातं. उत्परिवर्तन निसर्गातलंच आहे. क्यूपीएमला 'जीएम' (प्रयोगशाळेत जनुक बदललेलं पीक) म्हणून घाबरवणं निराधार आहे.

पण झीन घटलं की दाणा खडूसारखा ठिसूळ होतो. पिष्टाचे कण सैल राहतात, मधल्या पोकळीत उजेड विखुरतो, म्हणून दाणा अपारदर्शक दिसतो. वजन घटतं, कणीस उशिरा वाळतं, बुरशी आणि सोंडे लवकर लागतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आलेले शक्ती, रतन, प्रोटिना हे वाण याच दोषामुळे मागे पडले.

उपाय मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेत सुरिंदर वासल आणि एव्हँजेलिना व्हिएगास यांनी काढला. २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ओपेक-२ तसंच ठेवून दाणा पुन्हा कडक करणारी छोटी-छोटी 'सुधारक' जनुकं त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केली. काचेखाली दिवा लावायचा, वर दाणे पसरायचे आणि १ ते ५ अशी श्रेणी द्यायची: १ म्हणजे पूर्ण अर्धपारदर्शक, ५ म्हणजे पूर्ण खडू. इथे एक सापळा आहे. संकरित पिढीत अगदी काचेसारखा दिसणारा दाणा बहुधा ओपेक-२ नसलेला, साधाच असतो. म्हणून थोडा भाग अपारदर्शक राहिलेले दाणे निवडायचे आणि दर पिढीला ट्रिप्टोफॅन मोजायचं. सुधारक जनुकांमुळे गॅमा-झीन हा झीनचा एक प्रकार तेवढा वाढतो आणि पिष्टकण पुन्हा घट्ट बांधले जातात. आता ओपेक-२ असलेले दाणे ओळखण्याचं काम डीएनए मार्करने (जनुकाची ओळख पटवणाऱ्या डीएनएतल्या खुणेने) लवकर होतं, कारण मार्कर ओपेक-२ जनुकाच्या आतच सापडतो. अल्मोड्याच्या कृषी संशोधन संस्थेचा विवेक क्यूपीएम-९ हा वाण (२००८) असाच तयार झाला.

कोकणातली अडचण वेगळी: ओपेक-२ अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे सगळ्या प्रती ओपेक-२ असतील तरच त्याचा गुण दिसतो. दाण्याच्या भ्रूणपोषात आईकडून दोन आणि परागाकडून एक, अशा जनुकाच्या तीन प्रती येतात. शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला, तर एक चांगली प्रत पुरते आणि तो दाणा याच हंगामात साधा होतो. उलट क्यूपीएमचा पराग स्वीटकॉर्नवर पडला, तर त्याचे दाणे गोड न राहता पिठूळ होतात. नुकसान दोन्ही शेजाऱ्यांचं. पराग टाळायला दोन पिकांत लागणारं दोनशे मीटर अंतर आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत कुठून आणणार? त्यापेक्षा पेरणीत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे एकाचा तुरा परागाने भरलेला असताना दुसऱ्याचं केस बाहेर आलेलं नसेल. कडेच्या चार-पाच ओळींचं धान्य वेगळं काढून जनावरांना घाला.

संकरित वाणाचं घरचं बी पेरू नका. मायबाप दोन्ही ओपेक-२ असल्याने दर्जा टिकेल, पण सुधारक जनुकं विखुरतील आणि काही कणसं पुन्हा खडूसारखी निघतील. धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून मृगाआधी हवाबंद डब्यात भरा. दमट हवेत ते राहिलं की सोंडे शिरलेच.

ज्यांच्या ताटात मासे आणि कुळीथ रोज आहेत त्यांना लायसीनची टंचाई नाही. इथे खरा फायदा घरच्या कोंबड्यांचा: त्यांच्या खाद्यात मकाच जास्त असतो, आणि क्यूपीएम घातला की वरून द्यायचं लायसीन कमी लागतं.