शेंड्यावरच्या मुंग्या आणि ‘मोझेक’चा वाद : पार्श्वभूमी

झाडांच्या शेंड्यांवर मुंग्यांच्या जाती आपापले इलाखे वाटून घेतात का, हा ‘मोझेक’चा वाद. त्याआधीची मुंग्यांची निरीक्षणं जुनी आहेत. पानं जोडून घरटी करणाऱ्या विणकर मुंग्यांची घरटी विकत घेऊन, किडी कमी व्हाव्यात म्हणून संत्रावर्गीय झाडांवर सोडण्याची प्रथा दक्षिण चीनमध्ये इ.स. ३०४च्या सुमारास नोंदलेली आहे. पानकापी मुंग्या पानं खात नाहीत, त्यांवर बुरशी पिकवतात, हा अंदाज १८७४मध्ये निकाराग्वातल्या निरीक्षणांवरून छापून आला. १९३०च्या दशकापासून पनामातल्या बारो कोलोरादो बेटावर टोळीने शिकार करत फिरणाऱ्या लष्करी मुंग्यांचं चक्र मोजलं गेलं : साधारण १५ दिवस जवळपास रोज मुक्काम हलवायचा, मग सुमारे २० दिवस एकाच जागी राहायचं. पण हे सगळं जमिनीवर उभं राहून पाहिलेलं जंगल होतं.

वर, झाडांच्या शेंड्यांवर काय चाललं आहे हा प्रश्न खरा पेटला तो घानाच्या कोको बागांमध्ये, १९७०च्या सुमारास. तिथे प्रश्न पोटापाण्याचा होता. विणकर मुंग्या असलेल्या झाडांवर रस शोषणारे ढेकूण कमी दिसत. दुसऱ्या काही मुंग्या मात्र पिठ्या ढेकणांना सांभाळत, आणि हेच पिठ्या ढेकूण कोकोवरचा विषाणू पसरवत. कोणत्या झाडावर कोणाचं राज्य आहे हे कळणं म्हणूनच गरजेचं होतं. नकाशे काढल्यावर दिसलं की दोन प्रबळ जाती सहसा एका झाडावर नांदत नाहीत. प्रत्येकीचा इलाखा वेगळा, आणि त्या इलाख्यात तिला चालणाऱ्या दुय्यम जाती ठरलेल्या. फरशीच्या तुकड्यांसारखे हे इलाखे एकमेकांना भिडलेले, म्हणून ‘मोझेक’ हा शब्द रुळला.

गोंधळ ‘प्रबळ’ या शब्दात आहे. कोणी डोकी मोजून प्रबळ ठरवलं, कोणी आमिषावरच्या झटापटीत कोण टिकतं यावरून, तर कोणी दुसऱ्या मोठ्या वसाहतीला त्या झाडावर घरटं करू न देणारी ती प्रबळ, असं. या तीन गोष्टी एक नाहीत. पालापाचोळ्यातून वर चढून आमिषावर गर्दी करणारी मुंगी त्या झाडावर राहतेच असं नाही. विणकर मुंग्यांच्या एका वसाहतीची शंभराहून अधिक घरटी अनेक झाडांवर पसरलेली असू शकतात, आणि राणी त्यांपैकी एकाच घरट्यात. मग ‘एक झाड’ हे मोजायचं एकक तरी कसं धरायचं?

१९८०च्या दशकात कीटकनाशकाच्या धुरीने वरच्या थरातले कीटक खाली पाडून मोजण्याचं काम वाढलं, आणि मुंग्यांचं प्रमाण पाहून सगळे चक्रावले. शिकारी इतके, मग शिकार कुठे? उत्तर २००३मध्ये मुंग्यांच्या शरीरातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांतून (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंतून) आलं : शेंड्यावरच्या कितीतरी जाती मुख्यतः फुलाबाहेरचा मधुरस आणि रसशोषक किडींचा गोड चिकटा यांवर जगतात. म्हणजे वरवर शिकारी, पोटाने बऱ्याच अंशी शाकाहारी.

याच धुरीने मोझेकचा वाद मात्र चिघळवला. २०००मध्ये बोर्निओच्या अस्पर्श जंगलातून निष्कर्ष आला की तिथे मोझेक दिसतच नाही, जातींची सरमिसळ योगायोगाने व्हावी तशीच आहे. त्याच वर्षी कॅमेरूनच्या जंगलातून मोझेक असल्याचं छापून आलं. मला पहिल्या निष्कर्षाची खोट पद्धतीत दिसते. धुरीत पडतात त्या प्रामुख्याने बाहेर चारा शोधणाऱ्या मुंग्या. पोकळ फांदीत, सालीखाली किंवा चघळलेल्या लाकडाच्या पुठ्ठ्यासारख्या घरट्यात बसलेल्या बहुतेक वरच राहतात. इलाखा घरट्यावरून ठरतो आणि घरटंच मोजलेलं नाही. उलट बाजूचीही एक गोष्ट मान्य करायला हवी : कोको बागेत एकाच जातीची, एका उंचीची झाडं असतात, त्यामुळे तिथलं चित्र जंगलावर जसंच्या तसं चिकटवणं घाईचं होतं.

घरटी मोजण्याचा आग्रह पुढे पापुआ न्यू गिनीत पाळला गेला. जंगलाच्या ठरावीक तुकड्यांतली झाडं तोडून त्यांवरची घरटी शोधली गेली. मूळ जंगलात झाडावर राहणाऱ्या जाती पुन्हा वाढलेल्या जंगलाच्या जवळपास दुप्पट निघाल्या. त्या फरकाचा मोठा वाटा झाडांची संख्या आणि आकार यांचा होता : झाडं जास्त आणि मोठी, तर घर करायला जागाही जास्त. मोझेक आहे की नाही, हा वाद त्यानंतरही मिटलेला नाही.