सव्वासतरा सेंटिमीटरची अडचण

पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर वरच्या अँटेनाने फास्टॅग वाचला नाही, की कर्मचारी हातातला रीडर घेऊन काचेपाशी येतो. त्याला समोरच्याच गाडीचा टॅग हवा असतो, शेजारच्या रांगेतला नको. म्हणजे रीडरच्या अँटेनातून निघणारी रेडिओ लहर एका दिशेलाच जायला हवी.

ती कशी वळवायची हे जपानमधल्या सेंदाई इथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये दाखवलं. तार एकाच दांड्याला जोडायची, मागे थोडा लांब दांडा, पुढे आखूड दांडे. टीव्हीवर मुंग्या आल्या की नाशिकच्या गच्च्यांवर चढून "आता आलं का?" असं ओरडत आपण जो अँटेना फिरवायचो, तो हाच.

परावर्तित लहरींतून संदेश मिळवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडली. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरची लहर हीच त्याची वीज. अशा टॅगसाठी भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे वारंवारितांची मर्यादा, २००५ मध्ये विनापरवाना खुली झाली; २०२१ मध्ये ती ८६८ पर्यंत वाढली. इथे लहरीची लांबी साडेचौतीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि तार जोडलेला दांडा तिच्या निम्मा, म्हणून सव्वासतराचा. मागचा दांडाही सात-आठ सेंटिमीटर दूर हवा. हे मुठीत मावणार कसं?

दांडा नागमोडी दुमडून छापील सर्किटच्या पाटीवर बसवतात. पण व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) या अभियंत्यांनी आधीच दाखवून दिलं होतं की आकार घटवला की अँटेना चालतो तो पट्टा अरुंद होतो, नाहीतर कार्यक्षमता जाते. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सरळ तांब्याच्या पट्टीची दोन्ही टोकं मिलिमीटरभर कापून पाहा: अनुनाद, म्हणजे अँटेना सर्वांत जोमाने कंप पावतो ती वारंवारिता, सुमारे १० मेगाहर्ट्झ वर सरकतो, आणि आपला पट्टा अवघा ३ चा! दुमडलेल्या अँटेनात इतकी चूक खपत नाही.

त्यात फास्टॅगखेरीज काही टॅग २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. लांब दांडा मूळ वारंवारितेच्या तिपटीजवळ पुन्हा अनुनादतो खरा, पण तिथे झोत अनेक पाकळ्यांत फुटतो आणि दिशाच हरवते. म्हणून तारेच्या त्याच जोडणीवर दांड्यांची सहा सेंटिमीटरची दुसरी, आखूड जोडी बसवावी लागते. माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे: रीडर हातात धरला की तळव्यामुळे दोन्ही पट्टे खाली सरकतात, म्हणून शेवटची मोजणी मुठीत धरूनच करायची.