पाणी कोण फोडतं: धातू की त्यावरचा मळ?

पाण्यापासून हायड्रोजन काढायला सिद्धान्तानुसार १.२३ व्होल्ट पुरतात. चालत्या कारखान्यात मात्र एका सेलला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. त्यातला काही भाग द्रावणाच्या आणि दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्याच्या रोधात जातो, पण मोठा वाटा खर्च होतो तो दोन्ही इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर. १ किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६.६ किलोअँपिअर-तास विद्युतभार लागतो, म्हणून दर ०.१ व्होल्टमागे किलोला २.६६ युनिट वीज जास्त जाते. हे जादा व्होल्टेज, म्हणजे ओव्हरपोटेन्शियल, खाली आणण्यासाठी उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया सोपी करणारा पदार्थ, लागतो. त्याचा शोध दोनशे वर्षांहून जुना आहे आणि एकच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे: पृष्ठभागावर काम करतंय ते नेमकं कोण? आपण घातलेला पदार्थ, की नकळत तिथे येऊन बसलेलं दुसरंच काही?

हा प्रश्न अगदी पहिल्या प्रयोगापासून सोबत आहे. मार्च १८०० मध्ये व्होल्टाने आपल्या विद्युतघटाची माहिती लंडनला कळवली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी तसाच घट रचून पितळेच्या दोन तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसरीवर वायू दिसेना, तार मात्र काळवंडत गेली. ऑक्सिजन तयार होत होता, पण पितळच तो खात होतं. प्लॅटिनमच्या तारा लावल्यावर दोन्ही टोकांना वायू निघाला. अॅम्स्टरडॅममध्ये १७८९ साली स्थितिक विजेने पाणी फोडून झालंच होतं, पण तिथे दोन्ही वायू एकत्र मिसळून येत. वेगवेगळे वायू मिळवायचे तर इलेक्ट्रोडने स्वतः अभिक्रियेत भाग घेता कामा नये, हा पहिला धडा पितळेच्या त्या काळ्या तारेने दिला.

प्लॅटिनमचं दुसरं रूप १८२३ मध्ये दिसलं. येना इथे डोबेरायनरने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला, तर धातू लाल होऊन वायूने पेट घेतला, बाहेरून कसलीही उष्णता न देता. अशा घटनांना ‘कॅटॅलिसिस’ (उत्प्रेरण) हे नाव बर्झेलियसने १८३५ मध्ये दिलं. फॅरेडेचे नियम त्याच्या एक-दोन वर्षं आधीचे. किती विजेत किती वायू, हा हिशोब तेव्हाच पक्का झाला. तो वायू किती व्होल्टला मिळेल, याचं गणित यायला आणखी सत्तर वर्षं लागली.

ते १९०५ मध्ये युलियस टाफेलने मांडलं. तो मुळात सेंद्रिय रसायनाचा माणूस. विजेने सेंद्रिय संयुगांचं क्षपण करताना, म्हणजे त्यांना हायड्रोजन जोडताना, हायड्रोजन वायू होऊन उडून जाऊ नये, म्हणून तो शिशाचे ऋणाग्र (हायड्रोजन सुटतो तो इलेक्ट्रोड) वापरी, कारण शिशावर हायड्रोजन अतिशय नाखुशीने सुटतो. ही नाखुशी मोजता मोजता त्याला सूत्र सापडलं: विद्युतप्रवाह दहापट करायचा तर व्होल्टेज दर वेळी ठरावीक अंतराने वाढवावं लागतं. हे अंतर म्हणजे टाफेल उतार. बऱ्याच धातूंवर तो १२० मिलिव्होल्टच्या आसपास येतो. आम्लातल्या स्वच्छ प्लॅटिनमवर ३० च्या जवळ. शिशाची ही नाखुशी फार नाजूक असते. चांगला उत्प्रेरक असलेला एखादा धातू लेशमात्र जरी त्यावर बसला, तरी हायड्रोजन भराभर सुटू लागतो.

म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यावर काही प्रयोगशाळांनी मोजमापाआधी द्रावण विजेनेच धुवायला सुरुवात केली. एक जादा ऋणाग्र बुडवून तासन्‌तास मंद प्रवाह चालू ठेवायचा, द्रावणातले परके धातू त्यावर चढू द्यायचे, मग ते ऋणाग्र काढून टाकून खरं मोजमाप करायचं. कंटाळवाणं काम आहे. पण ते टाळून काढलेल्या कित्येक जुन्या आकड्यांवर आज विसंबता येत नाही.

उद्योगाची वाट वेगळी होती. नॉर्वेत १९२० च्या दशकाअखेर जलविद्युत स्वस्त होती, म्हणून पाण्याच्या विद्युत-अपघटनातून खतासाठी हायड्रोजन मोठ्या प्रमाणावर काढला गेला. २५ ते ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ७० ते ९० अंश सेल्सिअस तापमान आणि निकेलचे इलेक्ट्रोड हा साचा आजही फारसा बदललेला नाही. मरे रॅनीचा सच्छिद्र निकेलही त्याच दशकातला: निकेल आणि अॅल्युमिनियमचा निम्मा-निम्मा मिश्रधातू करायचा आणि कॉस्टिक सोड्याने अॅल्युमिनियम विरघळवून टाकायचं. मागे उरतं ते स्पंजासारखं निकेल. त्याचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि कोरडं झालं तर हवेत आपोआप पेट घेतं, म्हणून ते पाण्याखालीच ठेवतात.

दुसरा साचा आम्लधर्मी पडद्याचा. १९६० च्या दशकात नाफिऑनसारखे प्रोटॉन वाहून नेणारे पडदे आले आणि दोन्ही इलेक्ट्रोड पडद्याला चिकटवता येऊ लागले. पण आम्लात, १.६ व्होल्टच्या वर, धनाग्रावर, म्हणजे ऑक्सिजन सुटणाऱ्या इलेक्ट्रोडवर, जवळजवळ प्रत्येक धातू विरघळतो. रुथेनियम ऑक्साइड इरिडियमपेक्षा जास्त कार्यक्षम आहे, तरी टिकत नाही. उरतं इरिडियम, आणि ते चौरस सेंटिमीटरला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लागतं. २ मिलिग्रॅम, २ अँपिअर आणि १.८ व्होल्ट धरले, तर १ गिगावॉट क्षमतेसाठी सुमारे ५५० किलो इरिडियम हवं. जगाचं वर्षाचं उत्पादन ७ ते ८ टनांच्या घरात, तेही मुख्यतः प्लॅटिनमच्या खाणकामातून निघणारं उपउत्पादन. मागणी वाढली म्हणून इरिडियमची वेगळी खाण उघडता येत नाही. मौल्यवान धातूंवाचून चालणाऱ्या उत्प्रेरकांसाठी गेली वीस वर्षं जी धडपड चालली आहे, तिचं मूळ या हिशोबात आहे.

या धडपडीतलं सर्वांत देखणं काम मॉलिब्डेनम डायसल्फाइडवरचं आहे. १९७० च्या दशकात त्याचे मोठे स्फटिक तपासून ते हायड्रोजनसाठी निरुपयोगी ठरवले गेले होते. २००५ मध्ये संगणकी गणितातून दिसलं की त्याच्या पातळ थरांच्या कडांवर हायड्रोजन प्लॅटिनमवर चिकटतो साधारण तितकाच, ना घट्ट ना सैल, चिकटायला हवा. २००७ मध्ये सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाचे सूक्ष्म त्रिकोणी कण वाढवले गेले, तापमान बदलून त्यांचा आकार बदलला गेला, प्रत्येक नमुन्याच्या कडांची एकूण लांबी सूक्ष्मदर्शकाने मोजली गेली. हायड्रोजनचा वेग कडांच्या लांबीशी जुळला, क्षेत्रफळाशी नाही. ‘काम कोण करतंय’ या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळालं असेल.

निकेलच्या बाबतीत उत्तर उलटं निघालं. अल्कधर्मी द्रावणात निकेलचं धनाग्र वापरता वापरता सुधारतं, आणि हा निकेल हायड्रॉक्साइडचाच गुण समजला जाई. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगनने दाखवलं की खरा कर्ता लोह आहे, तोही अगदी अत्यल्प. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या गटाने द्रावणातलं लोह काढून टाकलं, तर निकेलची बरीचशी किमया त्याबरोबर गेली. त्यांची कृती कोणत्याही प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. ९९.९९९ टक्के शुद्ध निकेल नायट्रेटपासून प्लॅस्टिकच्या नळीत निकेल हायड्रॉक्साइडचा साका पाडायचा, शुद्ध पाण्याने आणि थोड्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडने तीनदा धुवायचा. मग जे द्रावण शुद्ध करायचं ते त्यावर ओतून निदान दहा मिनिटं हलवायचं, तीन तास किंवा जास्त वेळ ठेवायचं आणि सेंट्रिफ्यूज करून (वेगाने गरगरवून) वरचं द्रावण काढून घ्यायचं. लोह साक्यात अडकतं. काचेची भांडी मात्र चालत नाहीत, कारण अल्क काच झिजवतं आणि काचेतलं लोह पुन्हा द्रावणात उतरतं. नळीपासून सेलपर्यंत सगळं प्लॅस्टिकचं हवं.

ऋणाग्राकडे हीच चूक प्लॅटिनममुळे होते आणि तिने कित्येक ‘प्लॅटिनमविरहित’ उत्प्रेरकांबद्दल शंका निर्माण केली आहे. तीन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये (तपासायचा नमुना, व्होल्टेज मोजायला संदर्भ, प्रवाह पुरा करायला सहायक) सहायक इलेक्ट्रोड म्हणून प्लॅटिनमची तार लावण्याची सवय जुनी आहे. नमुन्यावर हायड्रोजन सुटत असताना ही तार धनाग्र असते. तिच्यातलं प्लॅटिनम कणाकणाने विरघळतं आणि नमुन्यावर जाऊन बसतं. लक्षण ठरलेलं: व्होल्टेज वरखाली करण्याच्या शेकडो फेऱ्यांमध्ये नमुना ‘सक्रिय’ होत जातो, टाफेल उतार १०० वरून ३० कडे सरकतो. कार्बनच्या कोऱ्या इलेक्ट्रोडवरही हाच प्रकार घडतो, म्हणून कोऱ्या कार्बनची चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी. उपाय म्हणजे ग्राफाइटची कांडी, तीही पडद्यामागे वेगळ्या कप्प्यात, आणि शेवटी नमुन्याच्या पृष्ठभागाची प्लॅटिनमसाठी तपासणी.

व्होल्टेजचा आकडाही तितकाच फसवा. संदर्भ इलेक्ट्रोडवरून हायड्रोजनच्या मापात बदल करताना पीएच एका एककाने चुकला तर २५ अंशांना ५९ मिलिव्होल्टची चूक होते. त्यासाठी त्याच द्रावणात हायड्रोजन सोडून प्लॅटिनमवर शून्य बिंदू आधी वेगळा मोजतात, आणि तो झाला की प्लॅटिनम सेलमधून बाहेर काढतात. निकेलच्या फोमवर (स्पंजासारख्या सच्छिद्र निकेलवर) चढवलेल्या नमुन्याचा प्रवाह वरवरच्या क्षेत्रफळाने भागला तर साधा पदार्थही तेजस्वी दिसतो, कारण आतला पृष्ठभाग अनेकपट असतो. २०१३ पासून काही गटांनी चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर या एकाच बिंदूवर तुलना रूढ केली. त्यामुळे गोंधळ कमी झाला, तरी फोमचा प्रश्न सुटला नाही.

नायट्रोजनपासून विजेने अमोनिया बनवण्याच्या संशोधनात हा आजार आणखी तीव्र आहे. तिथे तयार होणारा अमोनिया इतका थोडा असतो की हवेतून, हातमोज्यांतून किंवा पडद्यातून आलेला अमोनियाही उत्पादन म्हणून मोजला जातो. म्हणून २०१९ पासून नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक वापरून पडताळणी करणं अपेक्षित असतं: सेलमध्ये जड नायट्रोजन सोडायचा आणि अमोनियात तोच सापडतो का, हे एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकीय संकेतांवरून ओळखण्याच्या पद्धतीने) पाहायचं. त्याआधी त्या वायूतला अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड काढून घ्यावे लागतात, कारण विकत मिळणाऱ्या जड नायट्रोजनमध्येही ते मिसळलेले असू शकतात.