मसाज थेरपीचे प्रशिक्षण आणि शैक्षणिक संशोधन

माणूस कसा शिकतो, कशामुळे विसरतो आणि हाताला वळण कसे लागते, यांवरील संशोधनाचा मालिश-उपचार शिकवताना केलेला उपयोग. यातले बहुतेक पुरावे वैद्यकीय शिक्षण, फिजिओथेरपी आणि शारीरिक हालचालींवरील प्रयोगांतून आलेले आहेत. खास मालिशीच्या वर्गांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत, म्हणून निष्कर्ष जसेच्या तसे उचलून चालत नाही.

सर्वांत उपयोगी आणि शिक्षकांच्या पचनी सहसा न पडणारा निष्कर्ष असा : वर्गात हात सफाईने चालला म्हणजे तो शिकला असे होत नाही. शे व मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या तीन हालचालींचा ५४ वेळा सराव करून घेतला. एका गटाने प्रत्येक हालचाल सलग १८ वेळा केली, दुसऱ्याने तिन्ही मिसळून. सरावावेळी पहिला गट सरस ठरला. १० दिवसांनंतर मात्र दुसऱ्या गटाने बाजी मारली. मालिशीच्या वर्गात एक दिवस फक्त सरकते हात, दुसरा दिवस फक्त मळणे, अशी विभागणी सर्रास असते. पहिले काही तास ती योग्यच आहे, कारण हाताला आकार येण्याआधी मिसळण केली तर विद्यार्थी गोंधळतो. त्यानंतर मात्र पाठ, पोटरी, मान असा १०-१० मिनिटांचा फेर धरावा आणि दर फेरीला जोडीदार बदलावा. हात अडखळू लागतात, विद्यार्थी कुरकुरतात आणि शिक्षक घाबरून जुन्या पद्धतीवर येतात. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग इथेच फसतो.

दाब शिकवणे सर्वांत अवघड, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. ‘हलका’ आणि ‘मध्यम’ यांचा अर्थ माणसागणिक बदलतो. यासाठी वजनकाटा वापरतात. माणसांचे वजन करायचे अनेक इलेक्ट्रॉनिक काटे काही किलोंखालचा आकडा दाखवत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरातला १० किलोपर्यंतचा सपाट काटा बरा. तो टेबलावर ठेवून वर घडी घातलेला टॉवेल ठेवावा, घडीसकट आकडा शून्यावर आणावा आणि डोळे मिटून १, २, ४ किलो असा दाब द्यायला सांगावे. विद्यार्थ्याने आधी अंदाज बोलायचा, मग आकडा पाहायचा. काटा सतत समोर राहिला तर हात त्याच्यावरच विसंबतो आणि काटा काढताच चुकतो. सतत मिळणाऱ्या अभिप्रायाचा हा तोटा सॅल्मोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडला. म्हणून तीन-चार प्रयत्नांनंतर एकदाच आकडा दाखवावा. किलो सारखे असले तरी दाब सारखा नसतो, हेही इथेच समजते : अंगठ्याचे टोक २ चौ. सें.मी. आणि तळहात ६० चौ. सें.मी. धरला, तर तेच ४ किलो अंगठ्याखाली तीसपट रुततात. काट्यानंतर जोडीदाराचे शरीर. त्याच्याकडून ‘छान वाटतंय’ एवढेच आले तर काहीच हाती लागत नाही. दाबाला १ ते १० पैकी आकडा, वेग, आणि हात कुठे सुटला, या तीनच गोष्टी त्याला विचाराव्यात.

प्रात्यक्षिकासाठी पेटन यांची चार पायऱ्यांची रीत चालते : शिक्षक न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग सावकाश, समजावत, मग विद्यार्थी पायऱ्या सांगतो आणि शिक्षक तसे करतो, शेवटी विद्यार्थी स्वतः बोलत करतो. वेळ नाही म्हणून तिसरी पायरी गाळली जाते, आणि गैरसमज तर तिथेच उघडे पडतात. एका टेबलाभोवती २० जण उभे केले की निम्म्यांना क्रिया उलटी दिसते आणि शिक्षकाची पावले कोणालाच दिसत नाहीत. जोर पावलांतून आणि शरीराच्या झुकण्यातून येतो. नुसते हात पाहणारा विद्यार्थी तो अंगठ्यांतून काढायला जातो आणि काही आठवड्यांत अंगठ्याचे सांधे दुखू लागतात. म्हणून पहिले प्रात्यक्षिक शिक्षकाच्या मागे उभे राहून पाहावे.

पाठांतराच्या भागात वाचण्यापेक्षा आठवणे सरस ठरते. रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के मजकूर आठवला; एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मालिशीच्या वर्गात हे सहज जमते : पुस्तक मिटून जोडीदाराच्या पाठीवर पेन्सिलीने स्नायूची सुरुवात आणि शेवट काढायचा, मग पुस्तकाशी ताडून पाहायचे. मालिश कधी करू नये हेही यादी घोकून येत नाही. साधा गोळा आलेली पोटरी आणि एकाच पायाची सुजलेली, गरम, दुखरी पोटरी अशी उदाहरणे मिसळून द्यावीत. या दुसऱ्या उदाहरणातल्या सुजलेल्या पायात रक्ताची गुठळी असू शकते. हात न लावता डॉक्टरांकडे पाठवायचे.

‘कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून’ असे गट पाडून शिकवण्याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. मालिश शिकणाऱ्याला स्पर्शातून शिकण्यावाचून गत्यंतर नाही, मग तो कोणत्याही ‘प्रकारचा’ असो. अभ्यासक्रमाचा मजकूरही तपासायला हवा. ‘मालिशीने लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हे वाक्य अजून शिकवले जाते. २०१० मधील एका अभ्यासात मुठीच्या कष्टाच्या व्यायामानंतर मालिशीने ते उलट सावकाश निघाले.

मूल्यमापनात मिलर यांची १९९० ची उतरंड आधाराला घेतात : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे, प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोनच पायऱ्या मोजते. तिसरीसाठी हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली, ठाण्याठाण्यांवरून फिरत द्यायची परीक्षा सोयीची : एका ठाण्यावर विचारपूस, दुसऱ्यावर चादर न ढळू देता पाय उघडणे, तिसऱ्यावर ठरावीक क्रिया, चौथ्यावर उपचाराला नम्रपणे नकार. क्रियेच्या ठाण्यावर दोन परीक्षक हवेत, एक टेबलावर झोपलेला आणि एक उभा. झोपलेल्याला पवित्रा दिसत नाही आणि उभ्याला दाब कळत नाही. त्यांचे गुण वेगवेगळे नोंदवावेत, सरासरी काढू नये.